तोच पिक्चर परत कावून पाहता?

किस्से कोणी जमवायला जात नाही, ते आपोआप साचतात. आमचे एका व्हॅनमध्ये साचले. मी राहते पांढुर्ण्याला, शाळा सौसरला. आम्ही तिघं मास्तर लोक रोज एकाच व्हॅननं अप-डाउन करतो. मी, हिंदीचे धोमणे सर आणि गणिताच्या कळंबे मॅडम. गाडी गजूभाऊंची, चालवतातही तेच. रोज दोन्ही वेळा इतका वेळ सोबत बसायचं, तर डीए आणि बदल्यांवर माणूस किती दिवस बोलणार? मग पिक्चर निघतात.

आधीच सांगून ठेवते, आम्ही तिघंही संशयी आहोत. बोर्डाच्या परीक्षेच्या ड्युट्या करून करून माणूस तसा होतोच. एखादा मुलगा शांत बसलेला दिसला की आम्ही आधी त्याचे मोजे पाहतो. त्यामुळे "मला आवडतो म्हणून तोच पिक्चर परत परत पाहतो" असं कोणी म्हटलं की आम्हाला ते पटत नाही. आवडतो म्हणून दोनदा ठीक, फार तर तीनदा. त्याच्यापुढं काहीतरी भानगड असते, असा आमचा ठाम समज आहे.

•

पहिले सापडले ते धोमणे सरच. व्हॅनमध्ये कानात हेडफोन घालून एकच पिक्चर पाहायचे आणि त्यातही बागेतलं एक गाणं मागं-पुढं करायचे. नटी देखणी होती. घरी वहिनींनाही शंका आलेलीच होती.

"सर, खरं सांगा," कळंबे मॅडम म्हणाल्या. "नटी आवडते न?"

"नटीकडं कोण पाहून राहिलं? मी झाडं पाहून राहिलो."

सरांच्या वडिलांची संत्र्याची बाग आहे. त्या गाण्यात नटी संत्र्याच्या झाडांमधून धावते, आणि सरांना पहिल्याच वेळी खटकलं होतं की पानं पेरूची आहेत. म्हणजे फळं बाहेरून आणून लावली. पण पुराव्याशिवाय सर कॉपीची केससुद्धा बनवत नाहीत. अकराव्या वेळी त्यांना पुरावा सापडला. पिक्चर थांबवून त्यांनी आम्हाला एक संत्रं मोठं करून दाखवलं. देठाला पांढरा दोरा बांधलेला होता, अगदी गाठीसकट.

सरांनी त्याचा फोटो काढून घरी वहिनींसमोर धरला. वहिनींनी तो नीट पाहिला.

"दोरा गाण्यात सापडला न? मंग बाकीचा पिक्चर कावून पुरा पाहता?"



•

कळंबे मॅडमच्या सासूबाई कजाग सासूचा एक पिक्चर पाहतात. त्यात सासू सुनेला छळते आणि शेवटी सून सासूला घराबाहेर काढते. टीव्हीवर लागला की सगळी कामं बाजूला. मॅडमला वाटायचं, म्हातारी त्यातून डाव शिकते आहे. बरं, पाहताना त्या मधूनच मान हलवायच्या, त्यामुळे मॅडमचा जीव आणखीच वरखाली व्हायचा.

एकदा हिंमत करून मॅडमनी विचारलं, "आई, या सासूतलं तुम्हाले काय आवडते?"

"सासूले कोण पाहते?" सासूबाई म्हणाल्या. "मी सून पाहून राहिली. तुह्यापेक्षा हुशार हाय."

•

कळंबे मॅडम स्वतः एक खुनाचा पिक्चर पाहतात, नवव्यांदा की दहाव्यांदा. खुनी कोण ते पहिल्याच वेळी कळतं, कोर्ट त्याला शिक्षाही देतं. मग परत काय पाहायचं?

"मले पटलंच नाही," मॅडम म्हणाल्या. "मागच्या वेळी माहा संशय डॉक्टरवर होता. आता बागेच्या माळ्यावर हाय."

"पण मॅडम, खुन्यानं कबूल केलं न?"

"आपल्या वर्गात मुलं कबूल करतात ते खरं असते का?"



•

गजूभाऊंची गोष्ट वेगळी. त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये एकाच पिक्चरचा आवाज आहे, चित्र नाही. रोज सकाळी तोच. आम्ही तो पिक्चर कधीच पाहिला नाही, पण तिघांनाही पाठ आहे. मारामारीला गाडी पळते आणि नायकाची माय मरते तिथं गाडी बैलगाडीसारखी चालते. आम्हाला संशय होता की ते मुद्दाम हळू करतात, म्हणजे तो सीन जामसांवलीच्या देवळाच्या फाट्यावर पडावा आणि त्यांना मारुतीला हात जोडता यावेत. धोमणे सरांनी चार दिवस घड्याळ लावून ते सिद्धही केलं. आम्हाला शाळेत उशीर व्हायचा तो या मायमुळे.

एक दिवस आम्ही चक्क दहा मिनिटं आधी पोचलो. मधला भागच वाजला नव्हता.

"गजूभाऊ, आज माय नाही मेली का?" धोमणे सरांनी हसत विचारलं.

"नाही सर. काढून टाकला थो सीन." त्यांनी गाडी बंद केली. "माय दवाखान्यात हाय."

आम्हा तिघांनाही स्वतःची फार लाज वाटली. पुढच्या आठवड्यात त्यांची आई घरी आली. मग सीनही परत आला आणि आम्ही पुन्हा उशिरा पोचायला लागलो. 

•

आता माझी केस. ती मी दोन वर्षं व्हॅनमध्ये काढलीच नव्हती. दुसऱ्यांवर संशय घेणं सोपं असतं.

माझ्या यजमानांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. रविवारी दुपारी जेवण झालं की ते टीव्हीला पेनड्राइव्ह लावतात आणि एकच जुना पिक्चर पाहतात. त्यात शेवटाकडं नायक पुलावर उभा राहून नायिकेची वाट पाहतो. ती येते की नाही हे कळायच्या आत हे टीव्ही बंद करतात. दर वेळी तिथंच. "बस झालं," म्हणतात आणि चप्पल घालून दुकानात निघून जातात.

आमचं लग्न पाहून, ठरवून झालेलं. एकोणीस वर्षं झाली. माणूस चांगला आहे, कधी आवाज चढवला नाही. पण त्या पुलानं माझी झोप उडवली. या माणसाच्या मनात माझ्याआधी कोणी होतं का, आणि अजून आहे का, एवढंच मला हवं होतं. हसू नका, पण पिक्चरमधल्या त्या बाईचा मला राग यायला लागला होता.

शेवटी एकदा व्हॅनमध्ये बोलले. कळंबे मॅडम म्हणाल्या, शेवट वाईट असेल. धोमणे सर म्हणाले, आधी पुरावा पाहा.

"मॅडम, विचारून टाका न घरी," गजूभाऊ समोरूनच म्हणाले.

पण आमच्या धंद्यात आधी विचारत नाहीत, आधी झडती घेतात. शनिवारी शाळा लवकर सुटली, हे दुकानात होते. मी पिक्चर लावला आणि पुलाच्या पुढचा भाग पाहिला. नायिका धावत येते, दोघं हसतात, लग्न होतं, संपलं. वाईट वाटण्यासारखं काहीच नव्हतं. माझा संशय दुप्पट झाला.

•

दुसऱ्या दिवशी रविवार. यांनी पेनड्राइव्ह लावला. आमचा टीव्ही दर वेळी विचारतो की मागच्या ठिकाणापासून पुढं लावू का. हे दर रविवारी 'नाही' दाबतात. त्या दिवशी टीव्हीनं विचारलंच नाही, कारण मी पिक्चर शेवटपर्यंत पाहिला होता. यांनी एकदा रिमोटकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. 

पूल आला. यांनी पिक्चर थांबवला. मला राहवलं नाही.

"तुम्ही पुढचं कावून नाही पाहत?"

"सौसरच्या टॉकीजमध्ये इथंच लाइट गेली होती."

"मंग?"

"मंग आली अर्ध्या घंट्यानं."

"तुमच्या संग कोण होतं?"

खोटं बोलायच्या आधी माणूस कसा दिसतो ते मला ओळखता येतं. हे तसे दिसत नव्हते, म्हणून मी घाबरले.

"होती एक," ते म्हणाले. "लाइट आली तं बाजूची खुर्ची खाली होती. मंग मी बी उठलो."

 पडद्यावर तो नायक तसाच उभा होता.

"काल तू शेवट पाहिला न?"

"हो."

"येते का थे?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पेनड्राइव्ह काढला आणि माझ्या हातात दिला.