वायरमनभाऊंची यादी

वायरमनभाऊ तीन बोटांनी टाईप करायचे. खांबावर शॉक बसून उजवा हात मनगटापासून गेला होता, डाव्याचीही दोन बोटं जळाली होती. घोडेगावच्या घरात पडल्या पडल्या, पंचेचाळिशी उलटल्यावर ते मोबाईलवर व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकले. ती तीन बोटं कीबोर्डवर पळू लागली की आम्ही हातातलं काम सोडून बघत राहायचो.

शिनोलीच्या पुढे, डोंगरातल्या आरोग्य केंद्रात मी तेव्हा नर्स होते. रक्तदात्यांची नावं वहीत असायची आणि वही वेळेला कधी सापडायची नाही. भाऊंनी लॅपटॉपवर प्रोग्रॅम करून दिला. रक्तगट निवडला की नावं आणि गावं समोर.

"वेबसाईटच करा ना, भाऊ," मी म्हटलं.

"सिस्टर, सामान वेबसाईटचंच हाय. पन सर्व्हरवर चालनारी जावास्क्रिप्ट मी ह्याच लॅपटॉपमधी बसवलीय. नेट नसलं तरी चालतंय. तुमच्या डोंगरात रेंज कवा व्हती?"

एका दुपारी बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना. रक्तगट ओ निगेटिव्ह, आणि टॉवर दोन दिवसांपासून बंद. प्रोग्रॅम उघडला, चार नावं आली. बाईला अ‍ॅम्ब्युलन्समधून पुढे पाठवलं आणि जीप वाड्यांवर पिटाळली. तिघं सापडले, ते मागोमाग मोठ्या दवाखान्यात पोचले. बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गेले. भाऊंनी पेढा हातात तसाच धरून विचारलं, "चौथा का नाय आला?"

"तो पुण्याला कंपनीत लागलाय."

"मंग यादी चुकली की!"

पुढचा महिनाभर हा माणूस एसटीनं, पायी, वाडीवाडीला जाऊन एकेक नाव पडताळत होता.

नंतर ते मुलीकडे आळ्याला राहायला गेले. जाताना सगळा कोड मला समजावून दिला. नुकतंच रक्त दिलेल्यांची नावं आपोआप गळावीत म्हणून मी त्यात हात घातला, तर स्क्रीन पांढरी फटक. रडकुंडीला येऊन फोन केला.

"एररची पहिली ओळ मोठ्यानं वाचा." मी वाचली. "आता शोधा. मी हाय."

अर्धा तास त्यांनी फोन ठेवला नाही, पण चूकही सांगितली नाही. एक कंस बंद करायचा राहिला होता. तो केला, आणि यादी उघडली.

"झालं न्हवं? आता कामासाठी फोन करायचा नाय," ते म्हणाले. "गप्पा मारायला करा."

मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले. एका सकाळी भाऊंच्याच नंबरवरून फोन आला. बोलत होती त्यांची मुलगी.