पत्रामागचा फोन

धर्माजी पेडणेकरांना उभ्या जन्मात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. खारी गावात राहून रिक्षा चालवायचे तेव्हा पार टोकाच्या डोंगरी गावचं भाडंही त्यांनी कधी नाकारलं नाही, परतताना रिकामं यावं लागलं तरी. लोकांनी हे लक्षात ठेवलं. आधी नगरसेवक केलं, मग थेट आमदार. रत्नागिरीहून आलेल्या म्हाताऱ्या बापाने विधानभवनासमोर हौसेने फोटो काढून घेतला.

आमदाराच्या दारात रोज शंभर माणसं. कुणाला शाळेत प्रवेश हवा, कुणाला बदली, कुणाला गटार. धर्माजी सगळ्यांना पत्र देत. 'तातडीने कार्यवाही व्हावी', आणि खाली लफ्फेदार सही. माणूस हात जोडून, खूश होऊन जाई. आतली गोम मात्र फक्त अधिकाऱ्यांना ठाऊक होती. पत्रामागून साहेबांच्या धाकूचा फोन आला तर काम करायचं, नाही आला तर कागद फायलीला लावून मोकळं व्हायचं. धाकू त्यांचा स्वीय सहायक, रिक्षाच्या दिवसांपासूनचा सोबती. फोन कुणासाठी लावायचा हे धर्माजी त्याला नुसत्या भुवईने सांगत. शंभरात पाच जणांसाठी भुवई उडे. बाकीच्यांना बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. यात आपण कुणाला फसवतोय असं या भल्या माणसाला कधी वाटलंच नाही, आणि सगळ्यात वाईट तेच.

पुढची निवडणूक हरले. काही वर्षं घरी बसले, मग पुन्हा नगरसेवक म्हणून उभे राहिले आणि यंदा महापौर झाले. "साहेब हत्तीवरून उतरले नि घोड्यावर बसले," असं लोक हसत. धर्माजीही हसत. खुर्ची ती खुर्ची.

त्या खुर्चीसमोर एका सकाळी चौक गावची कॉनी येऊन बसली. अंगावर काळे कपडे होते. पिशवीतून तिने प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद काढला. धर्माजींचंच आठ वर्षांपूर्वीचं पत्र, पालिकेच्या पोचेचा शिक्का असलेलं. चौकमधल्या विहिरीपाशी रस्ता उंच केला, विहिरीचा काठ रस्त्याच्या पातळीला आला आहे, तरी तिथे कठडा बांधावा, असा मजकूर.

"माजा घरवाला व्हिन्सेंट गेल्या महिन्यात त्याच विहिरीत गेला, साहेब. सायकलसकट," ती म्हणाली. "तुमी तर पत्र दिल्यालं. ते आमी घरात देवाच्या आल्ताराजवळ ठेवलं व्हतं, मेनबत्तीशेजारी. ज्यानं तुमचा शब्द दाबला त्याला आता सोडू नका."

पत्रावर अभियंता राघो शेट्येंचं नाव होतं. त्यांना बोलावणं गेलं. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस. पत्र बघून त्यांचा चेहरा उतरला. ते कॉनीकडे न बघता एवढंच म्हणाले, "साहेब, फोन नव्हता आला."

"कसला फोन?" कॉनीने विचारलं.

धर्माजींनी धाकूकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा धाकूची भुवई उडाली. गप्प राहा, असं ती सांगत होती. गप्प राहिलं की झालं. शेट्ये निलंबित होतील, बाई आशीर्वाद देऊन जाईल, आणि चौकमध्ये साहेबांचं नाव देवाशेजारी राहील. धर्माजींना त्या क्षणी हे सगळं हवंसं वाटलं, याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

"यांची चूक नाही," ते म्हणाले. "पत्रामागून फोन गेला तरच काम होतं. तुमच्यासाठी मीच फोन करायला लावला नाही."

आता ही रडेल, शिव्या घालेल, म्हणून ते मान खाली घालून बसले. कॉनी रडली नाही. तिला ते समजायला थोडा वेळ लागला.

"म्हंजे तवाच तुमचं न्हाय व्हतं?"

"हो."

"मंग न्हाय म्हनायचं ना." तिचा आवाज चढला नाही. "व्हिन्सेंट हे पत्र घेऊन आला तवा गावची पोरं विटा गोला करून उभी व्हती. त्यानंच थांबवली त्यांना. बोलला, आमदारानं लिवलंय, आता सरकारी काम हाय, आपन हात लावायचा न्हाय. आठ वरसं कुनी हात लावला न्हाय."

"मी उद्याच माणसं पाठवतो. कठडा..."

"झाला बांदून. मयतानंतर पोरांनीच बांदला. दोन रविवार लागले."

तिने पत्र पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं. पाकीट तेवढं घडी घालून पिशवीत टाकलं आणि ती उठली. शेट्ये तिच्यासाठी दार धरून उभे राहिले.

बाहेर माणसं खोळंबली होती. कुणाला काय, कुणाला काय, पण सगळ्यांना पत्र हवं होतं. धाकूने सवयीने कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा पुढे सरकवला. धर्माजींनी तो हाताने मागे लोटला.

"त्यांना सांग, आज नाही," ते म्हणाले.

आयुष्यातला पहिला नकार, आणि तोही सांगायला त्यांनी धाकूला पाठवलं.