आईंची कवळी आणि सीपॅपचा मास्क

माझ्या सासूबाईंच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता, आणि हे त्यांच्या पोटच्या मुलाला माहीत नव्हतं.

मलाही लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं. तेही सीपॅप मशीनमुळे.

आज आईंना जाऊन वर्ष झालं. हे लिहायची परवानगी त्यांनीच देऊन ठेवली होती, ते पुढे सांगते.

आई म्हणजे खडकीतल्या शाळेच्या रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. कडक इस्त्रीची साडी, त्याहून कडक आवाज. दर रविवारी विहारात मुलांचा इंग्रजीचा फुकट क्लास घ्यायच्या. त्या क्लासवर त्यांचा आमच्यापेक्षा जास्त जीव होता, खोटं कशाला बोलू.

आणि घोरायच्या. भयंकर. पण घोरणाऱ्याला कोण आजारी म्हणतं?

एका रविवारी फळ्याजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. बाईंची झोप मोडू नये म्हणून मुलं चपला हातात घेऊन गुपचूप निघून गेली.

आई त्यानेच खचल्या. "मला उठवलंसुद्धा नाही गं कुणी," म्हणाल्या, आणि क्लास बंद केला.

स्लीप टेस्ट झाली. झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकत होता, म्हणून रात्रभर झोपूनही दिवसा पेंग. डॉक्टरांनी सीपॅप सांगितलं. मशीन हवा सोडणार, ती मास्कमधून जाऊन श्वासाची वाट उघडी ठेवणार.

मशीन घेऊन कंपनीचे कुलकर्णी आले. राहणार नारायण पेठ, वय पन्नाशी, हसणं क्वचित.

"आजी, मास्क लावून बघा."

"आजी मी नातवंडांची. तुम्ही बाई म्हणा."

"बरं, बाई."

नाक-तोंड झाकणारा मास्क दिवाणावर आडवं होऊन लावला. एकदम परफेक्ट बसला.

रात्री मात्र फुस्स! हवा गालांपाशी सुटायची, डोळ्यांत जायची. आई खोलीला आतून कडी लावून झोपायच्या, त्यामुळे आम्हाला नुसता आवाज. आठ दिवसांत मशीन कपाटात गेलं.

कुलकर्णींनी साइझ बदलून दिली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा मशीनमधला रिपोर्ट बघत म्हणाले, "दिवसा फिट, रात्री लीक. रात्री तोंड बदलता का हो, बाई?"

टोमणाच तो. पण आईंचा चेहरा पडला.

"सुजाता, आत ये. दार लाव."

आत गेल्यावर त्यांनी कवळी काढली. वरची, मग खालची. गाल आत गेले, ओठ आत गेले. माझ्यासमोर कुणी दुसरीच म्हातारी बसली होती.

"हसलीस तर बघ."

हसू कसलं, मला रडूच आलं.

आईंची आई लोकांकडे धुणीभांडी करायची. तिचे दात तरुणपणीच गेले होते. लोक तिला नावाने नाही, 'ए बोळके' अशी हाक मारायचे. चाळिशीत हिरड्यांच्या आजाराने स्वतःचे दात गेले तेव्हा आईंनी ठरवलं, आपल्याला तसं कुणी बघायचं नाही. प्रशांत, म्हणजे माझा नवरा, तेव्हा हॉस्टेलला. फक्त त्याच्या वडिलांना ठाऊक होतं, आणि तेही जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"अहो, पण झोपताना दात काढता, तर मास्कही दात काढूनच बघायला नको का?" मी चिडलेच.

"त्या माणसासमोर काढू? मेले तरी नाही."

"क्लास हवाय की नको?"

त्यांनी कवळी पदराखाली झाकली. मग म्हणाल्या, "तू लाव. त्यांना बाहेर बसव."

मग काय, कुलकर्णी हॉलमध्ये चहा पितायत, मी मास्क घेऊन आत-बाहेर करतेय, आणि बंद दारातून आमची बोलणी.

"मोठा गालांशी सुटतोय!"

"सुटणारच. नाकपुड्यांना टेकतो तो छोटा घ्या. मशीन चालू ठेवूनच बघा."

"आता तोंड उघडतंय, तिथून हवा जातेय!"

"हनुवटीला पट्टा देतो. कुशीवर वळवा. घाई नको, चपलासुद्धा आपण चार पावलं चालून घेतो."

पाऊण तास चालला हा तमाशा. शेवटी फुसफुस थांबली. बघते तर आई गाढ झोपलेल्या, भर दुपारी बारा वाजता.

जाताना जिन्यात कुलकर्णी हळूच म्हणाले, "आमच्या वडिलांची पण असायची. पाण्याच्या वाटीत." बाकी काही विचारलं नाही त्या भल्या माणसाने.

महिन्याभरात क्लास पुन्हा सुरू. पुढची चार वर्षं आईंना पेंग म्हणून आली नाही. मुलांना दुप्पट ओरडायच्या आणि दुप्पट खूश असायच्या. वयामुळे मी कडी लावू देईना, तर दार लोटून घ्यायच्या, आणि माझ्याशिवाय कुणी आत यायचं नाही असा हुकूम.

एकदा मास्क धुता धुता म्हणाल्या, "मी जाईन तेव्हा आधी दार लाव. मास्क काढ, दात बसव, मगच प्रशांतला हाक मार. ऑर्डर चुकवायची नाही."

"आई, काहीतरीच काय!"

"आणि वर्षभराने खुशाल सगळ्यांना सांग. कवळीपायी कुणाचं तरी मशीन कपाटात पडलं असेल."

तर सांगतेय. कवळी काढून झोपत असाल तर मास्कही कवळी काढूनच बघा. बाईंनी सांगितलंय, ऐकायचं.

प्रशांतला आज सकाळी चहा देताना सांगितलं. "काय??" म्हणाला, आणि आईंच्या फोटोतल्या दातांकडे बघतच बसला.

वर्षापूर्वी त्या सकाळी आई उठल्या नाहीत. ऐंशीच्या घरातलं वय, झोपेतच गेल्या. मशीन चालूच होतं.

ऑर्डर पाठ होती.

दार लावलं. मशीन बंद केलं. मास्क काढला. दात बसवले, ओठ नीट मिटवले.

मग हाक मारली, "प्रशांत, लवकर ये."

दुपारी क्लासची मुलं आली. एकेक करून फुलं वाहिली. त्यातली एक छोटी मुलगी आईंकडे बघत मैत्रिणीला म्हणाली, "बाई एकदम बाईंसारख्याच दिसतायत ना?"

आई, रविवारचा क्लास आता मी घेते. इंग्रजी माझं कच्चं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

विनम्र अभिवादन, बाई. जय भीम.