पातेल्याखालचं वायफाय

जागुआरुआना गावात खांबावर चढणारी बाई एकच, जिल्देती. वीस वर्षं तिनं कारखान्यात झुले विणले. कारखान्याला टाळं लागलं त्याच साली गावात इंटरनेटचं फायबर आलं, तेव्हा "धागा तो धागाच, हा काचेचा एवढंच," म्हणत तिनं शिडी खांद्यावर घेतली. बाप्ये हसले, "पडशील गं!"

"पडले तर तुमच्यावरच पडेन. खाली उभे राहू नका!"

एका सोमवारी सेऊ आदेर्बालची, म्हणजे आदेर्बालरावांची, तिसरी तक्रार आली. हा गडी जन्मभर बस चालवून घरी बसलेला. आता दिवसभर फोनवर डोमिनो खेळायचा आणि चार गावांतल्या म्हाताऱ्यांशी भांडायचा.

"तीनशे एमबीची लाइन म्हणालीस ना, पोरी? माझी सोंगटी पोचेपर्यंत समोरचा जेवून येतो!"

जिल्देतीनं आधी लाइन तपासली. बाहेरच्या खोलीतल्या फायबरच्या डब्यातून वायफायकडे जाणारी वायर उपसली आणि आपला कॉम्प्युटर थेट डब्याला जोडला. पडद्यावरचा आकडा चढत चढत दोनशे सत्त्याण्णववर थांबला.

"लाइन ठणठणीत आहे, सेऊ आदेर्बाल. गडबड पुढे आहे."

तिनं ती वायर पुन्हा डब्यात खोचली आणि तिचा माग काढत स्वयंपाकघरात शिरली. तिथे दोना नेउझा, त्याची बायको, मक्याचा कुस्कुस वाफवत होती. वायर फळीवर चढून एका पालथ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याखाली गेली होती. जिल्देतीनं पातेलं उचललं. खाली वायफायचं यंत्र, वर क्रोशाचा रुमाल.

"धूळ बसते," दोना नेउझा म्हणाली.

"जाड बुडाची धूळ दिसतेय."

"हळू बोल गं! पहाटेपासून जेवणापर्यंत ओरडतो तो. आधी बसमधली माणसं ऐकायची, आता मी एकटी!"

जिल्देतीला हसू आवरेना. तक्रारीच्या कागदावर कारण लिहायचं होतं. तिनं लिहिलं, 'घरगुती अडथळा'. सेऊ आदेर्बालनं चष्म्याशिवायच सही ठोकली.

"मग उपाय काय?"

"वायफायचा नाद सोडा. तुमच्या नातीचा जुना लॅपटॉप पडलाय ना, तो थेट वायरला लावून खेळा."

वायर पुरली ती स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंतच. दोना नेउझा खूश झाली. नवरा डोळ्यांसमोर, वर निवडायला शेंगांचं टोपलं त्याच्या पुढ्यात.

चौथ्या दिवशी तिचाच फोन आला. "अगं बये, आता तो माझ्या कानातच ओरडतोय! शेंगाही न निवडता उकळत्या भांड्यात टाकल्यान, दोरे-देठांसकट!"

जिल्देती पुन्हा गेली. या वेळी तिनं लांब वायर ओढून वायफायचं यंत्र मागच्या खिडकीत बसवलं, परसातल्या काजूच्या झाडाखाली झुला टांगला आणि सेऊ आदेर्बालला फोन देऊन तिकडे धाडलं.

"इथे सगळ्यात जोरात येतं, बघा!"

म्हातारा झुल्यात पडून हातवारे करत गरजू लागला, तशा कोंबड्या पंख फडफडवत कुंपणापलीकडे पळाल्या. दोना नेउझानं मागचं दार लावून घेतलं आणि जिल्देतीपुढे कॉफीचा पेला ठेवला.

"ऐकू येतंय का काही?"

"नाही."

"मग बस थोडी. काय छान वाटतंय!"