गुरुजींनी विचारलेला प्रश्न

देवरूखजवळच्या वाडीतले महेंद्र गुरुजी निवृत्त झाले, तरी तंबाखूविरुद्ध बोलायचे थांबले नव्हते. शाळा असो, विहारातली सभा असो, बोलावलं की ते जायचे. त्यांना येताना बघून माणसं तोंडातली तंबाखूची गोळी थुंकून यायची. म्हणूनच त्यांच्या बायकोला, रेणुकाताईंना, फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा गुरुजींना आधी लाज वाटली. दुःख नंतर झालं.

रत्नागिरीच्या डॉक्टरांसमोरच त्यांनी विचारलं, "खरं सांग, चोरून मिश्री लावायचीस ना?"

"नाय," रेणुकाताई म्हणाल्या आणि पदराचं टोक बघत बसल्या.

गुरुजींचा विश्वास बसला नाही. ताई परसात गेल्या असताना त्यांनी त्यांची ट्रंक उघडली, साड्यांच्या घड्या उलटल्या, फडताळातले डबे हुंगले. काही सापडलं नाही. वाडीत कुणी विचारलं तर ते "छातीत पाणी झालंय" म्हणून सांगत.

गाठीचा तुकडा तपासायला मुंबईला गेला होता. त्याचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी दोघांना बोलावलं.

"गाठीतल्या पेशींच्या एका जनुकात बदल झालाय. त्यामुळे त्या वाढतच सुटल्यात. नेमकं तेच अडवणारी गोळी आहे. सध्या केमोची गरज नाही, रोज घरीच गोळी घ्यायची. आजार मुळापासून जाईल असं म्हणत नाही, पण बराच काळ ताब्यात राहू शकतो."

"हा बदल तंबाखूनं झाला?"

"उलट. ज्यांनी तंबाखूला कधी हात लावला नाही, अशा बायकांमध्ये हा जास्त सापडतो. यांची काही चूक नाही."

गुरुजींना मान वर करवेना.

गोळीनं ताईंच्या तोंडावर पुरळ उठलं, पोट बिघडलं. पण हळूहळू खोकला बसला आणि त्या पुन्हा घाटीची चढण चढून विहारात जाऊ लागल्या. एका संध्याकाळी गुरुजी कसेबसे म्हणाले, "माझं चुकलं. मी तुझी ट्रंकसुद्धा..."

"म्हायती हाय. घड्या उलट्या घातलेल्या होत्या." मग त्या म्हणाल्या, "मला विचारलंत ते मी गिळलं. पण सावित्रीचं काय?"

सावित्रीबाई खालच्या अंगाला राहायच्या. त्यांचे यजमान दत्ताराम तोंडाच्या कॅन्सरनं गेले, तेव्हा त्यांच्या जलदानविधीला गुरुजी बोलायला उभे राहिले होते. 'हे दुखणं माणूस स्वतःच्या हातानं घरात आणतो,' असं ते भरल्या मंडपात म्हणाले होते. सावित्रीबाई समोरच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजी चपला काढून हातात घेऊन त्यांच्या अंगणात जाऊन उभे राहिले. सावित्रीबाई पडवीत कुळीथ निवडत होत्या.

"त्या दिवशी मी बोललो ते..."

"ते तंबाखू खायचे, गुरुजी. तुमी खोटं नाय बोललात," सावित्रीबाई शांतपणे म्हणाल्या. "पण माझी पोरं तिथं बसलेली. त्यांना बापासाठी रडायची लाज वाटली."

सावित्रीबाई सुपातले खडे वेचत राहिल्या. त्यांनी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. गुरुजी चपला हातात धरून तसेच उभे राहिले.