हमाल नेमायचा खेळ

केजच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमची आडत. नव्वदीच्या शेवटी दुकानात कॉम्प्युटर आला, पण त्याचं करायचं काय, हे कुणालाच कळेना. मग कॉलेजातल्या मित्राकडून मी एका खेळाची सीडी आणली. ओसाड बेटावर वस्ती वसवायची आणि माणसांना कामं नेमून द्यायची. कुणी लाकूड तोडायचं, कुणी पेरायचं, कुणी माल वाहायचा. पहिल्या डावात मी एकही हमाल नेमला नाही. आमच्या दारात हमाल उभेच असतात. ते नेमावे लागतात, हे आडत्याच्या पोराला सुचणार कुठून? शेतात धान्याचे ढीग पडले आणि वस्ती उपाशी मेली.

पुढे मी तरबेज झालो. रिकामा माणूस दिसला की लाव ओझ्याला. उंटावरून शेळ्या हाकायची मला चटकच लागली.

त्याच वर्षी वडील, म्हणजे अप्पा, म्हणाले, "ह्या तुरीच्या हंगामाला गोदाम तू बघ. जमलं तर किल्ली तुझ्याकडंच ऱ्हाईल, न्हाई तर थोरला हायच." थोरल्या भावाच्या हातात ती किल्ली मला बघवली नसती.

मोंढ्यात हमालांना काम लावतो मुकादम. आडत्यानं माल दाखवायचा आणि गप बसायचं. मला त्या मुकादमाचा भयंकर राग होता. मी काही सांगितलं की तो तंबाखू मळत माझ्या पायातल्या बुटांकडं बघायचा.

नांदूरघाटची तूर भरायला ट्रक लागला होता. सगळी टोळी पोती वाहत होती आणि एक म्हातारा सावलीत बसून पोत्यांची तोंडं शिवत होता. मला तो रिकामाच दिसला.

"उठा, पोतं घ्या," मी ओरडलो.

म्हातारा मुकाट उठला. पोतं उचलून द्यायला टोळीतलं कुणी पुढं येईना, तेव्हा मी आणि ट्रकच्या क्लीनरनंच ते त्याच्या पाठीवर ठेवलं. चौथ्या पावलाला तो गुडघ्यावर बसला. मुकादम धावला, पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन ट्रकमध्ये टाकून आला.

"जलमभर वाह्यलंय त्येनं. आता शिवतो. वाटा सगळ्यांसारखाच. ही टोळीची रीत हाय."

"इथं काम मी सांगीन."

"मग वाहा की पोती तुमीच."

सगळ्यांनी पोती ओढायचे आकडे खाली ठेवले आणि कडुलिंबाखाली जाऊन बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताव खाऊन मी एकट्यानंच एक पोतं ओढायला घेतलं. ते वीतभर सरकलं असेल. ड्रायव्हर दात काढत होता.

अप्पा आले, सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडून किल्ली घेतली आणि माझ्यादेखत थोरल्याला दिली. मग लिंबाखाली जाऊन मुकादमापुढं हात जोडले. "चुकलं आमचं. ह्याला कुठं लावायचं, ते तुमीच सांगा."

मुकादमानं मला वरपासून खालपर्यंत निरखलं. पडद्यावरच्या माणसांना मी असाच निरखायचो. तो मला आजही आवडत नाही.

"म्हाताऱ्याजवळ बसवा. शिवणं जमतंय का बघू."

मी बसलो. म्हाताऱ्यानं दाभणात सुतळी ओवून दाभण माझ्या हातात दिलं. माझा पहिलाच टाका तिरपा पडला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं तो टाका उसवला आणि दाभण पुन्हा माझ्यापुढं धरलं. त्याच्या गुडघ्याची माती अजून तशीच होती.