वेंडेलच्या पट्ट्यावरचा हात

घरगाडी मागं घ्यायची वेळ आली की आमच्या पर्यटकांच्या तळावर रोज एक तरी संसार मोडायला टेकायचा. नवरा चाकावर, बायको मागं उभी राहून हातवारे करतेय. तो तिचं ऐकणार नाही, ती त्याला सोडणार नाही. "तुला डावं-उजवं तरी कळतं का?" "तू आधी आरशात बघ, ढोल्या!" पाइनच्या झाडांवरची खारसुद्धा पळून जाईल असा तमाशा. मग कुणीतरी वेंडेलला हाक मारायचं.

वेंडेल क्रॅन्स्टन, वय त्र्याहत्तर, नेब्रास्काचा. टेक्सासात गहू पिकला की कापणीची यंत्रं घेऊन निघायचं आणि पिकाच्या मागं मागं पार वर डाकोटापर्यंत जायचं, यात त्याचा जन्म गेलेला. चालत्या यंत्राच्या धान्य ओतणाऱ्या नळीखाली ट्रक लावणारा माणूस तो, त्याला जागच्या जागी उभ्या खुंटापाशी गाडी लावायला काय अवघड? टोपी मागं सरकवत तो यायचा, भांडणाऱ्या बाईला म्हणायचा, "बाई, तुम्ही जरा खुर्ची टाकून बसा. कॉफी घ्या." आणि गाडीच्या मागं उभा राहून सुरू व्हायचा. "येऊ द्या... येऊ द्या... डावं काटा... आणखी थोडं... सरळ... येऊ द्या... बस्स!" चाळीस फुटांचं धूड दोन झाडांच्या मधे असं बसायचं, जसं काही तिथंच उगवलंय.

आम्ही सगळे हंगामी म्हातारे. मे महिन्यात बर्फ हटला की चाकांवरची घरं घेऊन डोंगरातल्या या सरकारी पार्कात कामाला यायचं, सप्टेंबर सरला की निघायचं. मी लॉइड. आयोवात सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, इथं कचऱ्याची गाडी चालवतो. माझी बायको नोरीन दुकानात गल्ल्यावर बसते. वेंडेल येणाऱ्या गाड्यांना जागा दाखवायचा, त्याची ओपल संडास धुवायची. पार्कवाले जोडप्यालाच कामावर घेतात. दोघांना मिळून एक जागा, एक नळ, एक विजेची तार. दोघांतलं एक जरी कामाचं राहिलं नाही तरी दोघांनी जागा सोडायची. गेल्या वर्षी आमच्या शेजारणीची कंबर मोडली. नवरा ठणठणीत होता, तरी आठ दिवसांत त्यांच्या जागेवर दुसऱ्यांचे कपडे वाळत होते.

आणि वेंडेल-ओपलला त्या गाडीशिवाय दुसरं घर नव्हतं. शेतावरचं घर विकून त्यांनी सात वर्षांपूर्वी ती बसएवढी घरगाडी घेतली होती. ओपलनं पडद्यांना सूर्यफुलं भरली होती, खिडकीत टोमॅटोचं रोप लावलं होतं. प्रवासात ते रोप ती मांडीवर घेऊन बसायची.

त्या उन्हाळ्यात ओपल सारखी वेंडेलच्या मागं दिसू लागली. तो गाड्यांना हाका देतोय आणि ही त्याच्या पाठीशी चिकटून, हात त्याच्या कमरेच्या पट्ट्यात.

"बघ जरा," नोरीन मला कोपरानं ढोसायची. "एक्कावन्न वर्षं झाली लग्नाला, अजून धरून उभी राहते. नाहीतर तू. मला दुकानातसुद्धा विसरून आलायस."

"एकदाच विसरलो."

"दोनदा!"

ऑगस्ट अर्धा सरला तेव्हा मी एका दुपारी कचऱ्याची गाडी धूत होतो. ओपल आली. चार फूट अकरा इंचांची बाई, हातात अजून रबरी मोजे.

"लॉइड, मला गाडी चालवाय शिकव."

"कुठली गाडी?"

"आमची. घर."

"का गं? वेंडेल मेला का?"

"जिता हाय मेला," ती म्हणाली, पण हसली नाही. "त्याचे डोळे गेलेत. मधलं गेलंय. मधोमध नुसतं धुकं, कडेकडेनं काय दिसंल तेवढंच."

मला एकदम आठवलं, वेंडेल हल्ली बोलताना मान वाकडी करून कोंबडीसारखा एका बाजूनं बघायचा. आम्हाला वाटायचं, थट्टा करतोय.

"आणि हाका कशा देतो मग?"

"मी पट्टा वढते. डावीकडं वढला की डावं, उजवीकडं वढला की उजवं. मूठ आवळली की बस्स."

"मग मे महिन्यात गाडी इथवर आणली कुणी?"

"त्यानं चाक धरलं आन् मी बोलत आले. नऊशे मैल." तिनं मोजे काढले, पुन्हा घातले. "लायसन अजून चार वर्षं चालतंय त्याचं."

मला तर बसच उलटल्यासारखं झालं. मी म्हणालो, डॅरलीनला सांगून टाकू. डॅरलीन म्हणजे आमची साहेबीण. ओपलनं माझा दंड धरला.

"सांगितलं की जागा गेली. जागा गेली की गाडी न्यायची कुठं आन् नेणार कोण? मग हायेच पोरीचं तळघर, लिंकनला. तिथं खिडकी पार छताला हाय, लॉइड. गवताची मुळं दिसतात नुसती. मला तेवढं चालवाय आलं तर आमचं आम्ही फिरू. त्याला बोलू नगंस. त्याला वाटंल, मी भरवसा सोडला."

घरगाडी हलवली असती तर वेंडेलला कळलं असतं, म्हणून मी तिला कचऱ्याच्या गाडीवर शिकवायला घेतलं. जळून गेलेल्या झाडांच्या पलीकडं एक जुनं, बंद पडलेलं वाहनतळ आहे, तिथं. पाठीशी दोन उशा, बुडाखाली एक. सपाटीवर चालवायची बरी. पण टोकाला एक उतार होता. तिथं गेलं की तिचा पाय ब्रेकवर जो बसायचा तो उठायचाच नाही.

"सोड की पाय."

"मागनं सगळं अंगावर यील."

"अगं, कचरा आहे मागं! आला तर काय येईल, केळीच्या साली?"

"मला माझी भांडीच दिसतात रं डोळ्यापुढं."

असे सहा दिवस गेले. सहाही दिवस उताराच्या तोंडावरून गाडी मीच परत आणली.

पार्कात नाताळ पंचवीस ऑगस्टला असतो. खरा नाताळ येतो तेव्हा इथं बर्फ आणि बायसन, दुसरं कोण असतं? म्हणून आम्ही कामकरी लोक उन्हाळ्यातच उरकून घेतो. त्या दिवशी दुपारी सगळे जेवणाच्या दालनात कागदाच्या चांदण्या टांगत होते. नोरीन आल्याची बिस्किटं भाजत होती. ओपल माझ्या कानाशी आली. "वेंडेल झोपलाय. तळावर कुणी न्हाई. जायाचं?"

गेलो. आणि त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, उताराच्या तोंडाशी तिनं डोळे बारीक केले, एक शिवी हासडली आणि पाय सोडला. गाडी खाली उतरली. वळवून आणून तिनं पुन्हा उतरवली. ओपल हसत होती, नाकातून पाणी येईस्तोवर. "खिंड अशीच उतरायची न्हवं? अशीच की!" अशीच, मी म्हणालो. पार्कातून बाहेर पडायच्या रस्त्यावरची ती खिंड नऊ हजार फुटांवर आहे, हे मी त्या घडीला बोललो नाही.

परत येताना झाडांच्या शेंड्यांवर पाण्याचं कारंजं उडताना दिसलं.

ओहायोकडचं एक जोडपं नवीकोरी लांब गाडी घेऊन आलं होतं. गाडी मागं घेताना नेहमीचं भांडण जुंपलं, त्यानं वेंडेल जागा झाला. टोपी घालून एकटाच गेला. त्या बाईला म्हणाला, "बाई, तुम्ही खुर्ची टाकून बसा, कॉफी घ्या." आणि नुसत्या इंजिनाच्या आवाजावर, नेहमीच्याच ठसक्यात हाका दिल्या. येऊ द्या, येऊ द्या. गाडीनं नळाचा खांब उपटला आणि मागच्या खुर्चीवरून चाक नेलं. खुर्चीचा पापड झाला होता. बाई कॉफी आणायला एका मिनिटापूर्वी उठली होती, म्हणून वाचली.

वेंडेल कारंज्याखाली भिजत उभा होता. बाईचा नवरा त्याच्या तोंडापाशी जाऊन ओरडत होता, "आंधळा आहेस का रे म्हाताऱ्या?"

"व्हय," वेंडेल म्हणाला.

तो माणूस एक पाऊल मागं सरला. वेंडेलनं मान वाकडी केली. माझ्या पावलांचा आवाज त्यानं ओळखला असावा. "लॉइड? ओपल हाय का तुझ्यासंगं?"

"आहे."

"मग बरं हाय. म्हनलं कुठं गेली."

डॅरलीन संध्याकाळी कागद घेऊन आली. पन्नाशीची बाई, आमच्यातल्या निम्म्यांच्या पोरींएवढी. तिला बसवेना. ओपल म्हणाली, "चूक माझी हाय. मी जागेवर न्हवते."

"ती माझ्याबरोबर होती," मी म्हणालो. "मी तिला कचऱ्याच्या गाडीवर..."

"लॉइड, मला सांगू नका," डॅरलीन म्हणाली. "ऐकलं तर मला लिहावं लागेल. मग तुमची आणि नोरीनचीही जागा जाईल." तिनं माझ्या शेजारी उभ्या नोरीनकडं बघितलं. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं मी काय करू, हे मला अजून कळलेलं नाही.

तीन दिवसांची मुदत मिळाली. मी म्हणालो, गाडी मी चालवतो, दुसऱ्या कुठल्या तळावर नेऊन लावू. वेंडेल म्हणाला, "ह्या टायमाला तू नेशील. फुडल्या टायमाला? घर हाय ते लॉइड, दर हंगामाला उचलाय लागतं."

ओपल म्हणाली, "मी उतार उतरवला की. दोनदा उतरवला."

वेंडेलला तेव्हा कळलं ती कुठं गेली होती ते. त्यानं तिचा हात चाचपून धरला. "पोरीला फोन लाव," तो म्हणाला.

अठ्ठावीसला सकाळी निघालो. लोकांनी उरलेली बिस्किटं, टर्कीचे तुकडे, कुणी कागदाची चांदणी आणून दिली. चाकावर मी, शेजारी वेंडेल, मागं पलंगावर ओपल रोप मांडीवर घेऊन. नोरीन आमची छोटी गाडी घेऊन मागून येत होती.

खिंडीत वेंडेल मला वळणं सांगत होता, सगळी पाठ. "आता डावं. आता उजव्या अंगाला बर्फाचा पट्टा दिसंल बघ, घोड्याच्या मानंवानी."

पट्टा नव्हता. ऑगस्टच्या उन्हात कधीच वितळला होता.

"दिसला," मी म्हणालो.

"दिसणारच. दर साली आसतो."

मागं ओपल रोपाची पानं सरळ करत होती.

खालच्या गावात जुन्या घरगाड्या विकायला लावतात ते मैदान आहे. तिथल्या माणसानं दोन गाड्यांमधली फट दाखवली, मागं तारेचं कुंपण. "मागं घेऊन लावा तिथं." आरशांवर मी ती झोपेतसुद्धा लावली असती. पण वेंडेलनं दार उघडलं.

"थांब. मी सांगतो."

ओपलही रोप सीटवर ठेवून उतरली. आरशात मला दोघं दिसत होती. तो गाडीच्या कडेला टोपी मागं सरकवून उभा, आणि ती त्याच्या पाठीशी, हात पट्ट्यात.

"येऊ दे... येऊ दे... उजवं काट... सरळ... येऊ दे..."

घर इंचाइंचानं मागं चाललं होतं. कुंपण आरशात मोठं होत होतं. हातभर राहिलं, मग वीतभर. ओपलची बोटं पट्ट्यात तशीच सैल होती. तिला कुंपण दिसत नव्हतं असं नाही, ती त्याच्याकडंच बघत होती.

"येऊ दे... येऊ दे..."

मी ब्रेक दाबला.

वेंडेलनं मान वाकडी करून कान दिला. "का रं थांबलास?" तो ओरडला. "मी कुठं बस्स म्हनलोय?"